नेहमीचा तपकिरी

बाजारात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. खरं नाव तिच्या बँकेला ठाऊक असेल. बाकी कुणाचं त्यावाचून अडलं नव्हतं. दातांचा दवाखाना असो, चष्म्याचं दुकान असो की वाचनालय, जिथे नोंदी कॉम्प्युटरवर आल्या तिथे डेटाबेस सर्व्हर बसवायला हिलाच बोलावणं जायचं. सर्व्हर म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं तर ती सांगे, गोदामावर एक माणूस असतो ना, कुठली पेटी कुठल्या फळीवर ते ज्याला पाठ असतं आणि ज्याला विचारल्याशिवाय तुम्ही खिळासुद्धा उचलू शकत नाही, तो माणूस. फक्त हा कॉम्प्युटरच्या पोटात बसतो आणि घटकाघटकाला चहा प्यायला बाहेर जात नाही.

कामात ती पक्की होती आणि हे तिला चांगलं माहीत होतं. 'मला काय कळतंय' असलं बोलणं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा ती मोठ्याने वाचायची, मालकाला समजावून सांगायची आणि मगच पुढचं बटण दाबायची. न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी राग. लग्नालाही असेच हो म्हणालात का, असं तिने दातांच्या डॉक्टरला त्याच्या बायकोसमोर विचारलं होतं. बायको अजून त्यावर हसते.

पासवर्ड टाकायची वेळ आली की मात्र ती खुर्ची फिरवायची, मालकाकडे डावी बाजू करायची आणि म्हणायची, "टाका बिनधास्त. हा डोळा चुगली करत नाही." लोक आधी गडबडायचे, मग नीट निरखून बघायचे, मग हसायचे. लहानपणी खेळता खेळता काडी घुसून तिचा डावा डोळा गेला होता. त्या जागी होता तो मास्तरांच्या हातचा, आणि सांगितल्याशिवाय भल्याभल्यांना तो ओळखू यायचा नाही.

मास्तर कृत्रिम डोळे बनवत. दोन खोल्यांची कार्यशाळा, पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत उत्तरेची खिडकी आणि तिच्याखाली काम करायचं टेबल. खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून पांढरा भाग घडवायचा, लाल रेशमाचे धागे विंचरून त्यातले बारीक तंतू शिरांसारखे बसवायचे, आणि मग बुबुळ रंगवायचं, थरावर थर, समोर बसलेल्या माणसाच्या जित्या डोळ्याकडे बघत. मुलं वाढली की चेहरा वाढतो, मग डोळा नवा करावा लागतो. सर्व्हरबाई फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून याच खिडकीशी बसत आली होती. मास्तर तिला अजून पोरीच म्हणत, आणि तिला असं म्हणायची परवानगी साऱ्या बाजारात त्यांना एकट्यालाच होती.

गिऱ्हाइकांची माहिती ठेवायला तिनेच त्यांना कॉम्प्युटर घ्यायला लावला होता. मास्तरांनी कुरकुर केली, मग शिकले. पण शिकले तेही आपल्या पद्धतीने. मापं चोख भरायची, आणि रंगाच्या रकान्यात लिहायचं 'नेहमीचा'. शेजारच्या शिक्षिकेचा डोळा, नेहमीचा. गॅरेजवाल्याचा, नेहमीचा. अहो मास्तर, नेहमीचा म्हणजे कुठला, असं विचारलं तर म्हणत, नेहमीचा म्हणजे त्याचा जो आहे तो. त्यांना प्रत्येकाचा रंग तोंडपाठ होता, आणि बाकीच्यांनी काय करायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

मग त्यांना मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करून टाका, साधी आहे. मास्तर म्हणाले, करतो, आणि वर्षभर केली नाही. घरच्यांना वाटलं घाबरले. घाबरले होते खरे, पण सुईला नव्हे. मोतीबिंदू निघाला की रंग वेगळे दिसतात, सगळ्यावरचा पिवळा पडदा जातो, निळं जास्त निळं दिसतं, असं त्यांना त्यांच्याच धंद्यातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं. आयुष्यभर डोक्यात साठवलेले रंग मग कुठल्या मापाने मोजायचे?

लेकीने तोडगा काढला. ती चांगली नोकरी सोडून बापाच्या हाताखाली बसली होती, साचे आणि शिरा यांत तयार झाली होती, फक्त रंगात अडत होती. ती म्हणाली, बाबा, शस्त्रक्रियेआधी एकेक 'नेहमीचा' मला उलगडून सांगा, मी लिहून घेते. जुना कॉम्प्युटर धापा टाकत होता म्हणून नवा आणला, आणि सर्व्हरबाईला बोलावलं.

तिने नव्यावर सर्व्हर बसवला, जुन्यातल्या सगळ्या नोंदी त्यात उतरवल्या, मास्तरांचा प्रोग्रॅम चढवला. उघडून बघितला तर सारी गिऱ्हाइकं हजर. रोज संध्याकाळी आपोआप बॅकअप निघेल अशी सोयही केली. जुनं मशीन कोपऱ्यात केबलने जोडलेलंच थोडे दिवस चालू राहू दे, काही लागलं तर असावं, असं सांगितलं आणि छातीठोकपणे निघून गेली.

त्यानंतर दुपारमागून दुपार बापलेक त्या टेबलाशी बसले. मास्तर डोळे मिटून सांगायचे आणि लेक लिहायची. शिक्षिकेचा तपकिरी, पण बाहुलीभोवती मधासारखी कडा. गॅरेजवाल्याचा काळपट, त्यात खाली एक हिरवट ठिपका, तो विसरायचा नाही. शाळेत जाणाऱ्या त्या जुळ्यांपैकी धाकटीचा थोरलीपेक्षा एक थर फिका. मधेच मास्तर उठून रंगाच्या डब्या आणायचे, थेंब थेंब मिसळून दाखवायचे, पुसायचे, परत मिसळायचे. सगळं सांगून झालं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, आता माझं डोकं रिकामं, तुझं भरलं, ने मला दवाखान्यात.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी आल्यावर लेकीने मागची खोली आवरायला काढली. कोपऱ्यातलं जुनं मशीन देऊन टाकू का, असं तिने सर्व्हरबाईला फोनवर विचारलं. सर्व्हरबाई तेव्हा एका प्राण्यांच्या दवाखान्यात टेबलाखाली शिरून वायर शोधत होती. दे, दे, म्हणाली, आता त्याचा काय उपयोग. जुनी मशीनं विकत घेणारा शेठ येऊन ते घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा प्रोग्रॅम उघडेना. सर्व्हर सापडत नाही, एवढंच म्हणे.

ती आली, बघितलं, आणि हसली. प्रोग्रॅमजवळ एक छोटी फाइल असते, तीत सर्व्हर कुठल्या मशीनवर आहे त्याचा पत्ता. ती फाइल तिने जुन्या मशीनवरून जशीच्या तशी उचलून आणली होती, आणि तीत पत्ताही जुन्या मशीनचाच राहिला होता. एवढंच ना, म्हणत तिने पत्ता बदलला. प्रोग्रॅम उघडला, गिऱ्हाइकांची यादी झरझर खाली आली. लेकीचा जीव भांड्यात पडला. तिने सहज शिक्षिकेचं नाव उघडलं.

रंग: नेहमीचा.

तिने गॅरेजवाला उघडला. नेहमीचा. जुळ्यांतली धाकटी. नेहमीचा.

सर्व्हरबाईचं हसू मावळलं. पत्ता जुन्या मशीनचा होता, म्हणजे नव्या मशीनवरचा प्रोग्रॅम इतके दिवस जुन्या सर्व्हरशीच बोलत होता. त्या दिवशी तिने छाती फुगवून बघितलेली यादी जुन्याकडचीच होती. आणि बापलेकीने दुपारच्या दुपारी बसून लिहिलेलं सगळं तिकडेच गेलं होतं, त्या कोपऱ्यात. बॅकअप, बॅकअप आहे ना, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तो उघडला. रोजच्या रोज निघालेले बॅकअप ओळीने होते, सगळे अगदी एकाच आकाराचे. कुणी हात न लावलेल्या नव्या सर्व्हरचे ते होते.

तिने गोलगोल बोलून वेळ मारून नेली नाही. खुर्ची फिरवली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. तुम्ही लिहिलेलं सगळं जुन्या मशीनमध्ये होतं, आणि ते द्यायला मी सांगितलं."

काळा चष्मा लावून पुढच्या खोलीत बसलेले मास्तर उठून आत आले. रागावले नाहीत, हे तिला जास्त लागलं. ते म्हणाले, त्यात काय, परत सांगतो. टेबलाशी बसले, चष्मा काढला, डब्या उघडल्या आणि तपकिरी ढवळायला घेतला. ढवळता ढवळता हात थांबला. त्यांनी दुसरी डबी घेतली, मग तिसरी, मग खिडकीकडे नेऊन बघितली.

"हा माझा तपकिरी नव्हे," ते हळूच म्हणाले. "हे कुणाचे रंग आहेत?"

डब्या त्याच होत्या. लेकीने तोंड फिरवलं. तिने नोकरी सोडली होती ती या रंगांच्या भरवशावर, आणि पुढच्या आठवड्यात जुळ्यांची आई दोघींना घेऊन येणार होती. सर्व्हरबाईला रडू आलं नाही, संताप आला, स्वतःचाच. अशा वेळी तिचं चालणं फार जोरात होतं. लेकीला दंडाला धरून ती तशीच निघाली.

जुन्या मशीनवाल्या शेठचं दुकान म्हणजे खालपासून छतापर्यंत मशीनच मशीन, आणि मधे शेठ. मास्तरांचं मशीन पुढच्याच बाकावर होतं, पुसूनबिसून चकचकीत. शेठने अभिमानाने सांगितलं की कालच साफ करून ठेवलंय, आतलं सगळं काढून टाकलं, अगदी कोरं. लेक मटकन शेजारच्या स्टुलावर बसली.

सर्व्हरबाई मात्र शेठकडे रोखून बघत होती. काढून टाकलं म्हणजे कसं, असं तिने विचारलं. पूर्ण फॉरमॅट मारलं की प्रोग्रॅमच्या यादीत जाऊन एकेक अनइन्स्टॉल केलं?

शेठ जरा ओशाळला. फॉरमॅट मारा, परत सगळं चढवा, एवढा उटारेटा कोण करतो बाई, म्हणाला. यादीतून काढलं एकेक. ते सर्व्हरचं काढताना शेवटी काहीतरी इंग्रजीत म्हणत होतं, मी दिलं ओके करून.

जन्मभर ज्या सवयीवरून ती लोकांना फाडून खात आली, तीच आज तिला इतकी गोड वाटली की तिने शेठच्या पाठीवर थाप मारली. सर्व्हर काढून टाकला तरी तो नोंदींच्या फोल्डरला हात लावत नाही, हेच तो शेवटी सांगत असतो. गोदामावरचा माणूस घालवला म्हणून गोदाम जळत नाही, असं तिने लेकीला सांगितलं. कुणी मुद्दाम आत शिरून पुसलं तरच जातं. लेकीने विचारलं, आणि यांनी पुसलं असेल तर? सर्व्हरबाई म्हणाली, त्यांच्या आळशीपणावर माझा पूर्ण विश्वास आहे. शेठनेही मान डोलावली.

फोल्डर जागेवर होता. आत निरर्थक आकड्यांच्या नावांच्या फायली, माणसाला वाचता न येणाऱ्या. तिने आधी त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतल्या, मगच श्वास सोडला. लेक म्हणाली, आता नव्या मशीनवरच्या सर्व्हरला हे उघडायला सांगू. सर्व्हरबाई म्हणाली, नाही उघडणार. नवा सर्व्हर जुन्याची मांडणी वाचत नाही, सरळ नकार देतो. जो सर्व्हर होता, तोच हवा, त्याच आवृत्तीचा.

तिच्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याला एक पेनड्राइव्ह लटकत असे. आजवर बसवलेल्या प्रत्येक आवृत्तीचा इन्स्टॉलर त्यात होता. ही असली अडगळ कशाला बाळगतेस, म्हणून तिचा नवरा चिडवायचा. तिने शेठच्याच बाकावर, शेठचाच कीबोर्ड ओढून, जुना सर्व्हर पुन्हा बसवायला घेतला. पडदे नेहमीसारखे मोठ्याने वाचले, आज शेठलाही ऐकवले. नोंदी कुठे ठेवायच्या, असं इन्स्टॉलरने विचारलं तेव्हा तिने नवा फोल्डर न देता तो जुनाच दाखवला. सर्व्हर सुरू होतोय, असं पडद्यावर आलं आणि गोल फिरायला लागलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. शेठने आपला रेडिओ बंद केला.

सुरू झाला.

तिने एकच प्रश्न टाइप केला: ज्यांच्या रंगाच्या रकान्यात 'नेहमीचा' लिहिलंय, अशी सगळी माणसं दाखव. सर्व्हरने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं, असं कुणीही नाही. रिकामी यादी बघून इतका आनंद झालेली बाई त्या दुकानात याआधी आली नसावी. लेक मागून तिच्या गळ्यातच पडली. शिक्षिकेची मधासारखी कडा, गॅरेजवाल्याचा हिरवट ठिपका, धाकटीचा फिका थर, सगळं जसंच्या तसं होतं.

त्याच दिवशी नोंदी नव्या मशीनवर उतरल्या, पत्ता नव्याचाच आहे हे तिने आधी स्वतः, मग लेकीकडून, मग बाहेरची केबल उपटूनही प्रोग्रॅम चालतो ना, असं तपासून घेतलं. पण मास्तर खूश दिसेनात. नोंदी मिळाल्या हे चांगलंच, म्हणाले, पण त्या पिवळ्या डोळ्यांनी सांगितलेल्या आहेत. खऱ्या आहेत की नाहीत, कुणास ठाऊक. मी इतकी वर्षं लोकांना काय लावून पाठवलं, कुणास ठाऊक. एवढं बोलून ते पुढच्या खोलीत जाऊन बसले. इतका खचलेला माणूस त्या घराने पाहिला नव्हता.

सर्व्हरबाई लेकीला म्हणाली, माझा डोळा तसाही बदलायला झालाय. तू कर. एकटीने कर, नोंदीवरून. बिघडला तर मीच आहे, मला सवय आहे.

लेकीने केला. साचा, पांढरा भाग, शिरा, आणि मग बुबुळ, नोंद वाचत वाचत. शेवटच्या थराला ती थबकली, सर्व्हरबाईच्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिली आणि नोंदीत नसलेलं थोडं राखाडी तिने कडेला दिलं. चकाकी आणून डोळा बसवला आणि सर्व्हरबाईला सकाळच्या उजेडात खिडकीशी बसवून बापाला हाक मारली.

मास्तर आले. काळा चष्मा काढला. नव्या नजरेने त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, एका डोळ्याकडे, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या. हनुवटी धरून तिचं तोंड उजेडात इकडे तिकडे वळवलं. तपकिरी जुळला होता. त्यांनी लेकीला विचारलं, तपकिरी नोंदीतलाच का? ती हो म्हणाली. मग इतकी वर्षं बरोबर होतं तर, ते पुटपुटले आणि त्यांचे खांदे एकदम सैल पडले. मग कडेच्या राखाडीवर बोट ठेवावं तसं बोट हवेत धरून म्हणाले, हे कुठलं?

"हे माझं," लेक म्हणाली. "ताईच्या उजव्या डोळ्यात आता वयाने आलंय ते."

मास्तरांनी बोट खाली घेतलं.

"मी असतो तर तपकिरीच देत राहिलो असतो," ते म्हणाले. "मला ही अजून फ्रॉकमधलीच दिसते."

मग त्यांनी सर्व्हरबाईला कॉम्प्युटरपाशी नेलं. सर्व्हरमध्ये प्रत्येक माणसाचे हक्क ठरवून देता येतात, कुणी नुसतं वाचायचं, कुणी लिहायचं, असं तूच सांगितलं होतंस ना, म्हणाले. आजपासून लिहायचा हक्क लेकीला.

"आणि तुम्हाला?" तिने विचारलं.

"मला नुसतं बघायची परवानगी ठेव."

भल्याभल्यांच्या मशीनवर बेधडक हात चालवणारी ती, पण इथे तिची बोटं अडली. डोळे भरून आले, दोन्ही. खोट्या डोळ्याच्या खोबणीलाही पाणी येतं, ते काही बंद होत नाही. लेक म्हणाली, बाबा, राहू द्या ना, काय घाई आहे. मास्तर ऐकेनात. तेव्हा सर्व्हरबाईने पदराने डोळे पुसले आणि टाइप केलं: मास्तरांचा लिहायचा हक्क काढला, वाचायचा ठेवला.

मास्तर खुर्चीत बसले. आपल्या नावाने आत शिरले, सर्व्हरबाईचीच नोंद उघडली आणि रंगाच्या रकान्यात मुद्दाम 'नेहमीचा' असं लिहून बघितलं. तुम्हाला परवानगी नाही, असं पडद्यावर आलं. त्यांनी ते नीट वाचलं, चोख बसवलंयस म्हणाले, आणि उठून खुर्ची लेकीसाठी मोकळी केली.